संघनिवड

संघनिवड : सांघिक खेळात आगामी सामन्यासाठी उपलब्ध खेळाडूंमधून प्रत्यक्ष मैदानात उतरणारे व राखीव राहणारे खेळाडू ठरविण्याची प्रक्रिया. सर्वांत गुणवान अशा खेळाडूंची केवळ यादी करणे म्हणजे संघनिवड नव्हे. ठराविक दिवशी, ठराविक मैदानावर व ठराविक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एकत्रितपणे अधिकांत अधिक परिणामकारक ठरेल असा खेळाडूंचा मेळ साधणे, हे तिचे उद्दिष्ट होय. त्यामुळे व्यक्तिशः श्रेष्ठ असणारा खेळाडू वगळला जाणे व त्याहून कमी कीर्तीचा खेळाडू निवडला जाणे, या दोन्ही गोष्टी योग्य निवडीतही घडू शकतात. निवड सामन्यापूर्वी करावी लागते, तिचे मूल्यमापन मात्र बहुधा सामन्यानंतर होते. निवडीविषयीचे बहुतेक वाद या विसंगतीतून उद्भवतात. प्रस्तुत नोंदीत ही प्रक्रिया मुख्यतः क्रिकेटच्या व त्यातही विदर्भ संघाच्या उदाहरणांनी विशद केली आहे. कारण अकोला, अमरावती व यवतमाळ या वऱ्हाडातील जिल्ह्यांमधून आलेल्या खेळाडूंच्या वाट्याला निवडीचे जवळजवळ सर्व प्रकारचे अनुभव आलेले आहेत.

टप्पे : संघनिवड साधारणतः तीन टप्प्यांनी होते. पहिल्या टप्प्यात निवड-चाचण्या, जिल्हास्तरीय सामने व आधीच्या हंगामातील कामगिरी यांच्या आधारे संभाव्य खेळाडूंची यादी तयार केली जाते. दुसऱ्या टप्प्यात तीमधून सु. १५ ते २० खेळाडूंचा चमू जाहीर होतो. तिसऱ्या टप्प्यात सामन्याच्या आदल्या दिवशी वा त्याच सकाळी खेळपट्टी, हवामान व खेळाडूंची तंदुरुस्ती पाहून अंतिम संघ निश्चित करतात. पहिले दोन टप्पे निवडसमितीच्या अखत्यारीत असतात. तिसऱ्यात कर्णधार व प्रशिक्षक यांचे मत निर्णायक ठरते. क्रिकेटच्या नियमांनुसार कर्णधाराने आपल्या अकरा खेळाडूंची नावे नाणेफेकीपूर्वी लेखी द्यावयाची असतात व त्यानंतर प्रतिपक्षाच्या कर्णधाराच्या संमतीवाचून त्यांत बदल करता येत नाही. म्हणजेच आपण प्रथम फलंदाजी करणार की गोलंदाजी, हे कळण्याआधीच निवड पक्की करावी लागते.

विदर्भातील खेळाडूला राष्ट्रीय संघापर्यंत जाण्यासाठी जिल्हा, विदर्भ क्रिकेट संघटनेचे वयोगटांनुसारचे संघ, विदर्भाचा मुख्य संघ व मध्य विभागाचा संघ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर जागा अकराच; उमेदवारांची संख्या मात्र त्याच्या कितीतरी पट असते. संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे असल्यामुळे अकोला वा बुलढाणा येथील मुलाला चाचणीसाठी दूरचा प्रवास करावा लागतो. स्थानिक सामन्यात केलेली कामगिरी निवडकर्त्यांच्या प्रत्यक्ष पाहण्यात येईलच, अशीही शाश्वती नसते. गुणवत्ता असणे आणि ती दिसणे या भिन्न गोष्टी आहेत, हे संघनिवडीचे एक मूलभूत तथ्य होय.

इतिहास : भारतातील प्रारंभीच्या काळात क्रिकेट संघाची निवड गुणांइतकीच धर्म, जात व सामाजिक दर्जा यांवर अवलंबून होती. मुंबईच्या चौरंगी व पुढे पंचरंगी सामन्यांत संघ धर्मानुसार बनत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पाळवणकर यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले. हिंदू संघात त्यांची निवड होत असे. परंतु त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी भारतीय संघाचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे सोपविण्यात आले होते. तथापि लॉर्ड्‌सवरील भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात ते स्वतः खेळले नाहीत व नागपूर येथे जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी संघाचे नेतृत्व केले. सामाजिक दर्जावर केलेली निवड खेळाच्या कसोटीला कशी उतरत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. तीत वऱ्हाडातील खेळाडूंना प्रथम मध्यप्रांत व वऱ्हाड या संघातून स्थान मिळण्याची शक्यता होती. राज्यपुनर्रचनेनंतर १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ या स्पर्धेत खेळू लागला. तिचे पहिले अजिंक्यपद मात्र त्याला साठ वर्षांनी, २०१७-१८ च्या हंगामात लाभले. त्यानंतर २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांतही विदर्भ विजेता ठरला. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या संघातून खेळून कसोटीपटू झालेला पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव. त्याचे कसोटी पदार्पण २०११ मध्ये झाले.

निवडीचे घटक : (१) समतोल : क्रिकेटमध्ये अकरा जागांतून फलंदाज, यष्टिरक्षक व गोलंदाज यांची बेरीज जुळवावी लागते. सहा फलंदाज, एक यष्टिरक्षक व चार गोलंदाज ही परिचित मांडणी होय. पाचवा गोलंदाज हवा असल्यास एक फलंदाज कमी करावा लागतो. ही अडचण अष्टपैलू खेळाडू दूर करतो. म्हणूनच फलंदाजी व गोलंदाजी या दोन्हींत मध्यम प्रतीचा असलेला खेळाडू कित्येकदा एकाच अंगात श्रेष्ठ असलेल्या खेळाडूच्या आधी निवडला जातो.

(२) खेळपट्टी व हवामान : गवत राखलेल्या व ओलावा असलेल्या खेळपट्टीवर जलद गोलंदाजांना, तर कोरड्या व भेगाळणाऱ्या खेळपट्टीवर फिरकी गोलंदाजांना साहाय्य मिळते. चार वा पाच दिवसांच्या सामन्यात पहिल्या व शेवटच्या दिवसाची खेळपट्टी सारखी नसते. त्यामुळे निवडकर्त्यांना आजच्याबरोबरच चौथ्या दिवसाचाही विचार करावा लागतो.

(३) तंदुरुस्ती व उपलब्धता : दुखापतीतून सावरत असलेला खेळाडू पूर्ण सामना टिकेल काय, हा निवडीतील नेहमीचा पेच असतो. राष्ट्रीय संघाकडून बोलावणे आल्यास राज्यसंघाला आपला सर्वोत्तम खेळाडू ऐन वेळी गमवावा लागतो.

(४) सूर : अलीकडच्या सामन्यांतील कामगिरीस सूर असे म्हणतात. या घटकास अनेकदा प्रमाणाबाहेर महत्त्व दिले जाते. चाळीसची सरासरी असलेला फलंदाजही कित्येक डावांत दहाच्या आत बाद होतो. तेव्हा दोनतीन डावांतील अपयशावरून त्याचे कौशल्य घटले, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, दीर्घ काळातील सरासरी ही भूतकाळाची नोंद असते व वय किंवा दुखापत यांमुळे झालेला ऱ्हास तीत उशिरा दिसतो. या दोहोंमधील तारतम्य हे निवडकर्त्याच्या जाणकारीचे गमक होय.

(५) भूमिका : रिकामी जागा कोणती, हा प्रश्न उमेदवार किती चांगला, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो. यष्टिरक्षकाच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते, कारण त्याची जागा एकच असते.

विदर्भ संघातील तीन उदाहरणे : वरील घटक प्रत्यक्षात कसे एकमेकांत गुंततात, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्याचे आहे. कोलकात्यात कर्नाटकाविरुद्ध झालेला उपांत्य सामना विदर्भाने अवघ्या पाच धावांनी जिंकला. त्यात उमेश यादव खेळला होता. परंतु भारतीय संघाच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यामुळे अंतिम सामन्यास तो उपलब्ध नव्हता. इंदूर येथे २९ डिसेंबर २०१७ रोजी दिल्लीविरुद्ध सुरू झालेल्या त्या सामन्यात कर्णधार फैज फझल व प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या संघात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या जलद गोलंदाजाला स्थान मिळाले. प्रथम श्रेणीचा हा त्याचा पहिलाच सामना होता. पदार्पणासाठी याहून अवघड प्रसंग कल्पिणे कठीण. तथापि निवडीमागील तर्क स्पष्ट होता. जी जागा रिकामी झाली ती जलद गोलंदाजाची होती व ती त्याच प्रकारच्या गोलंदाजाने भरावयाची होती. फिरकी गोलंदाज वाढविला असता, तर रजनीश गुरबानीवरील भार वाढला असता. विदर्भाने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण पत्करले आणि ठाकरेने सुरुवातीलाच दिल्लीचा सलामीवीर कुणाल चंडेला याला शून्यावर बाद केले. पुढे गुरबानीने त्याच डावात सलग तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले व अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या. विदर्भाने हा सामना नऊ गडी राखून जिंकला. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी जायबंदी ईशान पोरेलच्या जागी ठाकरेला भारतीय चमूत बोलावण्यात आले.

दुसरे उदाहरण वगळण्याचे आहे. २०२४-२५ च्या हंगामात मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाचा सलामीवीर होता. केरळविरुद्ध जामठा (नागपूर) येथे २६ फेब्रुवारी २०२५ पासून झालेल्या अंतिम सामन्यात त्याला वगळून यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या अक्षय कर्णेवार या दोन्ही हातांनी फिरकी गोलंदाजी करू शकणाऱ्या अष्टपैलू खेळाडूची निवड करण्यात आली. सलामीस ध्रुव शौरीबरोबर पार्थ रेखडेला पाठविण्यात आले. रेखडे हा मूलतः फिरकी गोलंदाज. उपांत्य सामन्यात त्याने मुंबईच्या पहिल्या डावात चार गडी बाद केले होते, त्यामुळे त्याला संघाबाहेर ठेवणे कठीण होते. त्या हंगामात विक्रमी ६९ बळी मिळविणारा हर्ष दुबे संघात होताच. एका फलंदाजाच्या मोबदल्यात फिरकीची फळी भक्कम करणे, असे या निवडीचे स्वरूप होते.

या निवडीची किंमत लगेच दिसून आली. केरळने नाणेफेक जिंकून प्रथम गोलंदाजी घेतली आणि रेखडे दुसऱ्याच चेंडूवर बाद झाला. जलद गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्याचा प्रयोगही फसला व विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली. तेथून दानिश मालेवार (१५३) व करुण नायर (८६) यांनी २१५ धावांची भागीदारी करून डाव सावरला. दुसऱ्या डावातही आरंभीचे दोन गडी सात धावांत बाद झाले व याच जोडीने पुन्हा मोठी भागीदारी केली. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले. सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाला अजिंक्यपद मिळाले. ज्या खेळाडूला या सामन्यात बाहेर बसावे लागले, त्या तायडेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मैदानावर शेष भारताविरुद्धच्या इराणी करंडकाच्या सामन्यात १४३ धावा केल्या व तो सामनावीर ठरला.

तिसरे उदाहरण अमरावतीत जन्मलेल्या जितेश शर्मा या यष्टिरक्षक-फलंदाजाचे आहे. विदर्भाच्या दीर्घ मुदतीच्या सामन्यांत यष्टिरक्षकाची जागा वाडकरकडे स्थिरावल्यामुळे शर्माचे कर्तृत्व मुख्यतः मर्यादित षटकांच्या सामन्यांत प्रकट झाले. डावाच्या अखेरच्या षटकांत जलद धावा काढणारा फलंदाज म्हणून त्याने नाव मिळविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत नेपाळविरुद्ध त्याने भारताकडून पदार्पण केले. २०२५ च्या आशिया चषकासाठी तो चमूत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात होबार्ट येथे संजू सॅमसनऐवजी त्याला अंतिम संघात घेण्यात आले. परंतु २० डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या भारतीय चमूत त्याचे नाव नव्हते. आघाडीला फलंदाजी करू शकणारे यष्टिरक्षक संघाला हवे होते व त्यानुसार सॅमसन आणि ईशान किशन यांची निवड झाली. येथे शर्माचा सूर गेला नव्हता. संघाची मांडणी बदलली आणि तिच्यातील त्याची जागाच उरली नाही.

बाहेरील खेळाडू : राज्य संघटनांना अन्य राज्यांतील मर्यादित संख्येचे व्यावसायिक खेळाडू घेण्याची मुभा आहे. २०१७-१८ मध्ये वासिम जाफर व गणेश सतीश, तर २०२४-२५ मध्ये नायर व शौरी हे विदर्भाकडून खेळले. अनुभवी खेळाडूंच्या सहवासाचा लाभ तरुणांना होतो, हे निर्विवाद. पण त्याचबरोबर अकरांपैकी दोन जागा स्थानिक उमेदवारांसाठी कमी होतात. याच नियमामुळे स्थान न मिळणाऱ्या वा नवी संधी शोधणाऱ्या स्थानिक खेळाडूंना अन्यत्र वाव मिळतो. विदर्भाच्या पहिल्या दोन अजिंक्यपदांत मोलाचा वाटा असलेला आदित्य सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळला. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध शतक काढणारा शौरी याच सामन्यात विदर्भाचा सलामीवीर होता.

अन्य खेळांतील निवड : प्रत्येक खेळाच्या रचनेनुसार निवडीचे निकष बदलतात. कबड्डीत सात खेळाडू मैदानात असतात व उर्वरित राखीव राहतात. चढाईपटू, कोपरारक्षक व मध्यरक्षक यांचे प्रमाण साधण्याखेरीज वजनमर्यादाही पाळावी लागते. पुरुषांच्या खुल्या गटात ती ८५ किग्रॅ. आहे. शिवाय दोन कोपरारक्षकांची परस्परांशी असलेली जुळणी महत्त्वाची असल्याने कित्येकदा खेळाडूंऐवजी जोडीचीच निवड केली जाते. पारंपरिक खोखोमध्ये बारांपैकी नऊ खेळाडू खेळतात. संरक्षण करणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरत असल्याने निवडीबरोबरच तुकड्यांचा क्रमही ठरवावा लागतो.

स्पर्धेसाठी करावयाची निवड व प्रात्यक्षिकासाठी करावयाची निवड यांतही फरक असतो. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी व अन्य भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. अशा पथकात एका प्रकारात निष्णात असलेल्या खेळाडूपेक्षा अनेक प्रकारांत तरबेज असलेला खेळाडू अधिक उपयोगी पडतो.

ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये निवडीचे स्वरूप बरेच गुंतागुंतीचे असते. १८५९ मध्ये मेलबर्न येथे प्रथम नियमबद्ध झालेल्या या खेळात लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू असतात व बदली खेळाडूंना पुनःपुन्हा आतबाहेर करता येते. संघ जाहीर करताना तीनतीन खेळाडूंच्या सहा ओळी मांडण्याची परंपरा आहे : बचाव, अर्धबचाव, मध्य, अर्धआघाडी व आघाडी या पाच आणि चेंडूमागे सर्वत्र धावणाऱ्यांची सहावी. उंच खेळाडू उंचावरील चेंडू झेलण्यास व ठेंगणे, चपळ खेळाडू जमिनीवरील चेंडू मिळविण्यास उपयोगी पडतात. पावसाळी दिवशी चेंडू निसरडा होऊन झेल कठीण होत असल्यामुळे एखादा उंच खेळाडू कमी करण्याचा विचार केला जातो. क्रिकेटमध्ये जे स्थान खेळपट्टीचे, ते येथे पावसाचे.

मूल्यमापन व वाद : सामन्याच्या निकालावरून निवडीची योग्यायोग्यता ठरविण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे, परंतु ती सदोष होय. ठाकरेला त्या सामन्यात एकही बळी मिळाला नसता, तरी त्याची निवड तर्कशुद्धच ठरली असती. तायडेला वगळूनही विदर्भाला अजिंक्यपद मिळाले, एवढ्यावरून ते वगळणे बरोबर होते असे सिद्ध होत नाही. आणि सात महिन्यांनी त्याने शतक काढले, म्हणून ते चूक होते असेही ठरत नाही. नियमित सलामीवीर एकच असताना नव्या चेंडूपुढे कोण टिकेल, याचा पुरेसा विचार झाला होता काय, हा प्रश्न मात्र निकालाच्या निरपेक्ष विचारता येतो व तोच विचारणे युक्त ठरते. निर्णयाच्या वेळी काय माहीत होते, कोणते पर्याय उपलब्ध होते व कोणता धोका जाणूनबुजून पत्करला, या तीन प्रश्नांची उत्तरे हीच निवडीची खरी कसोटी होय.

निवडीतील अन्याय व निवडीतील अपयश यांतही भेद केला पाहिजे. सर्व उमेदवारांना समान संधी देऊन, ज्ञात निकषांवर केलेली निवड फसली, तर ते अपयश होय. वशिला, प्रादेशिक पक्षपात वा जातिभेद यांमुळे उमेदवाराचा विचारच झाला नाही, तर तो अन्याय होय. मग त्या संघाने सामना जिंकला असला, तरी त्यात फरक पडत नाही. दूरच्या जिल्ह्यांतील खेळाडूंच्या दृष्टीने हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. निकष आधी जाहीर करणे, जिल्ह्याच्या ठिकाणी चाचण्या घेणे, निवडकर्त्यांनी स्थानिक सामने स्वतः पाहणे व वगळलेल्या खेळाडूला कारण सांगणे, हे उपाय त्यासाठी सुचविले जातात. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत कमी खर्चाचा असूनही सर्वांत कमी पाळला जातो.

अलीकडील बदल : निवड एकदा केली म्हणजे ती अंतिम, ही क्रिकेटमधील जुनी कल्पना आता काहीशी शिथिल झाली आहे. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी त्याच प्रकारचा बदली खेळाडू घेण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ मध्ये करण्यात आली. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येऊ लागला, तसेच नाणेफेकीनंतर संघ जाहीर करण्याची मुभा मिळाली. फलंदाज हवा की गोलंदाज, हा निवडकर्त्यांपुढील पेच त्यामुळे तेथे सौम्य झाला. पण अष्टपैलू खेळाडूचे महत्त्वही त्या प्रमाणात घटले, अशी टीका होते. रणजी करंडकासारख्या दीर्घ मुदतीच्या सामन्यांत मात्र नाणेफेकीपूर्वी लिहून दिलेल्या अकरा नावांचे महत्त्व आजही टिकून आहे.